गाठी वाचणारा भीमा

बारामतीत भिगवण रस्त्याला टायरच्या दोन दुकानांच्या मध्ये दाबून बसवलेली एक पत्र्याची शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. तरीही डाळज, कळस, पार मोरगावपासून शेतकरी आपली जळकी मोटर पिकअपमध्ये घालून तिथेच येतात, कारण तिथे भीमा बसतो. वय अडतीस, अंगाने शिडशिडीत, हात कोपरापर्यंत काळे. मोटर खाली उतरवली की तो आधी तिच्यावर वाकून वास घेतो आणि मालकाकडे न बघता म्हणतो, "आबा, पाणी कमी झाल्यालं तुमाला कळलं हुतं. तरीबी चालूच ठिवली का न्हाय?" आबा दुसरीकडे बघतात. भीमाचा अंदाज चुकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मोटर भरणं हे त्याचं काम. आतली जळलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार तितक्याच वेढ्यांनी, त्याच खाचांमधून भरायची. एका वेढ्याची चूक झाली तरी मोटर तापते. भीमाने भरलेली मोटर मात्र निदान पाच वर्षं दुकानाचं तोंड बघत नाही.

या भीमाला मी ढ म्हणत होतो. एकदा रागाच्या भरात नाही, चांगलं दीड वर्ष.

मी निवृत्त मास्तर, खारतोडे. इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष माझा होता, शाळेच्या भिंतींचा नव्हता. माझं अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख आणि डोकं कायम तापलेलं. मुलगा वाचताना अडखळला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. भीमा तर पहिल्याच ओळीत अडायचा. मी त्याला "बस खाली" म्हणायचो आणि वर वर्गाला हसायला एखादं वाक्य द्यायचो. आठवीच्या मध्येच तो शाळेत यायचा बंद झाला. मी चौकशी केली नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर बारामतीत घर केलं आणि दिवसभर घरात बसून बायकोच्या भाजीत, फोडणीत, केरात चुका काढू लागलो. तिने तीन महिने सोसलं आणि मग मला करुणाताईंच्या शाळेत पाठवून दिलं. ही खाजगी शाळा भाड्याच्या बंगल्यात भरते. पाटीवर इंग्रजी नाव आहे, पण कुणी ते घेत नाही. वाचणं, लिहिणं किंवा हिशेब यांतलं काहीतरी ज्यांना जमत नाही आणि बाकी डोकं लख्ख आहे अशी चोवीस मुलं तिथे येतात, काही बारामतीची, काही इंदापूर-भिगवणकडून व्हॅनने येणारी. डॉक्टर याला अध्ययन अक्षमता म्हणतात. पालक काहीच म्हणत नाहीत. शेजाऱ्यांना ते "क्लास लावलाय" असं सांगतात आणि व्हॅन घरापासून दोन गल्ल्या अलीकडे थांबवतात.

करुणाताईंचे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले आणि त्या वर्षापासून घरातल्या प्रत्येकाने शिकलंच पाहिजे हा त्यांचा दंडक. त्याच घरात करुणाताईंचा धाकटा भाऊ वाचू शकला नाही. त्याने काय काय भोगलं ते पाहून ही बाई पुण्याला जाऊन या विषयाचं शिक्षण घेऊन आली. पहिल्या दिवशी मला त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला शिकवायला मी काय सांगणार? एवढंच करा. मूल अडलं की मनात वीसपर्यंत मोजा. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही." मी हसलो होतो. नंतर कळलं की वीस ही फार मोठी संख्या आहे. एकतीस वर्षांत मी पाचच्या पुढे कधी गेलो नव्हतो.

गेल्या जूनमध्ये एक जोडपं दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आलं. मी टेबलाशी बसलो होतो. बाईने नीट बसून पर्स मांडीवर घेतली आणि माणूस उभाच राहिला. मग एकदम वाकून त्याने माझ्या पायाला हात लावला.

"सर, वळाकलं न्हाय? मी भीमा. डाळजचा. तुमच्या वर्गात हुतो."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्याची बायको सुप्रिया मात्र खूश झाली. नवऱ्याचे सरच इथे आहेत म्हटल्यावर तिला मोठा आधार वाटला. "मग तर बरंच झालं," ती म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासारखं तिलाबी हुशार करा."

मुलीचं नाव श्रेया. पाचवीत गेलेली, खो-खोत चपळ, गाणी एकदा ऐकली की पाठ, आणि पुस्तक उघडलं की दगड. मोठ्याने वाचायला सांगितलं की ती ओठ मिटून घ्यायची आणि मग काहीही करा, उघडायची नाही. आधीच्या शाळेत तिला यासाठी दारात उभं केलं जात होतं. ते ऐकताना मी पेन शोधायचं निमित्त करून खाली वाकलो.

करुणाताईंनी प्रवेशाचा फॉर्म दिला. सुप्रिया बारावी झालेली, अक्षर टपोरं. ती एकेक प्रश्न मोठ्याने वाचत भरत गेली. एका प्रश्नाशी थांबली, "घरात आणखी कुणाला लिहिण्यावाचण्याची अशी अडचण आहे का, किंवा होती का?" ही अडचण पुष्कळदा आईबापांकडूनच मुलाकडे येते, म्हणून तो प्रश्न विचारतात. सुप्रियाने स्वतःशीच मान हलवली. "आमच्याकडं तर न्हाय कुणाला. अहो, तुमच्याकडं?"

भीमाने माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग म्हणाला, "न्हाय. कुणालाच न्हाय."

तिने तसं लिहिलं. मी तिथेच होतो. मला सांगता आलं असतं. पण भीमाचं सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी छाती माझ्याकडे नव्हती. दोघांनी मिळून एक खोटं त्या फॉर्मात घातलं आणि श्रेयाला वर्गात बसवलं.

आता तुम्ही विचाराल, बारा वर्षं संसार करून बायकोला कळत कसं नाही? मलाही तेच कोडं होतं. ऑगस्टमध्ये माझ्या घरची बोअरची मोटर जळाली, ती घेऊन मी भीमाच्या शेडमध्ये गेलो तेव्हा उलगडा झाला. मी बसलो असताना एक जण नव्या मोटरीचं गॅरंटीचं कार्ड घेऊन आला. भीमाने आपले दोन्ही पंजे वर करून दाखवले. "हात काळं हायत माझं. वाचा की तुमीच, मी ऐकतो." त्याने वाचलं, भीमाने ऐकलं, आणि एकदाच ऐकून त्यातली तारीख, अटी सगळं डोक्यात बसवलं. घरी लग्नपत्रिका येवो की लाइटचं बिल, हात कायम काळे. मोबाइलवर कुणी लिहून पाठवलं तर हा उलट बोलून पाठवतो. सही तेवढी येते, ती चित्रासारखी काढतो. लोकांना वाटतं, कामाचा माणूस आहे, त्याला फुरसत कुठली.

पण खरी गोष्ट भिंतीवर होती. शेडच्या मागच्या भिंतीला खिळ्यांच्या चार ओळी होत्या आणि प्रत्येक खिळ्याला सुतळीचे तुकडे लोंबत होते. शंभर-दीडशे तरी असतील. कुठे मोठ्या गाठी, कुठे बारीक, मध्येच एखादी रंगीत नळी ओवलेली, टोकाला तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा.

"हे काय रे?" मी विचारलं.

त्याने बाहेर कुणी नाही ना ते बघितलं. मग एक सुतळी काढून माझ्या हातात दिली. "ही कळसच्या बाजीराव आबांची. मोठी गाठ म्हंजी धा वेढं. बारकी म्हंजी येक. नळी आली की पुढची खाच. शेवटाला तार बांधलीया, तेवढी जाडी. दुसरं मेस्तरी वहीत लिवत्यात, मी असं करतो."

"आणि कुठली कुणाची ते कसं कळतं?"

"हात लावला की कळतं," तो म्हणाला, आणि डोळे मिटून तीन सुतळ्या बोटांतून सरकवत तीन गावं आणि तीन माणसं सांगितली. मला मराठीचं व्याकरण अजून पाठ आहे, पण असली लिपी माझ्या बापजन्मात मी बघितली नव्हती. हा माणूस आठवीत माझ्यासमोर खाली मान घालून उभा असायचा, आणि मी त्याच्या डोक्यात काही नाही असं सगळ्यांना सांगत होतो. मला माझी लाज वाटली. इतकी की मोटर तिथेच टाकून निघून यावंसं वाटलं.

"भीमा, हे श्रेयाला सांग," मी म्हणालो. "ती करुणाताईंना काय म्हणते ठाऊक आहे? घरात सगळ्यांना येतं, मी एकटीच ढ आहे."

तो बराच वेळ कॉइल गुंडाळत राहिला. "सर, पोरगी गावात सांगत सुटती, माझा पप्पा न उघडता मोटर सांगतो म्हणून. तिच्याकडं तेवढंच हाय. ते बी काढून घिऊ का? आन् सुप्रियाला काय सांगू? बारा वर्सं फशिवली म्हणून?"

मी आपली मोटर भरून घेतली आणि गप्प घरी आलो.

तिकडे शाळेत श्रेयाचं एका बाजूला बरं चाललं होतं. करुणाताई परातीत रवा पसरून मुलांना त्यात बोटाने अक्षर काढायला लावतात आणि काढता काढता ते मोठ्याने म्हणायला लावतात. खोलीत दोघीच असल्या की श्रेया आता लहान वाक्यं वाचू लागली होती. पण वर्गासमोर नाही. चार महिन्यांत एकदाही नाही. सुप्रियाचा धीर सुटत चालला होता. तिचा भाऊ इंदापूरला असतो. तो म्हणत होता की पोरीला माझ्याकडे ठेवा, साध्या शाळेत घालू, चार फटके बसले की वाचेल. सुप्रियाने करुणाताईंना सांगितलं, "दिवाळीपतुर बघते ताई. न्हाय झालं तर तिला इंदापूरला धाडते." करुणाताई मला म्हणाल्या, "ती तिकडे गेली की संपलं, सर. पुन्हा तोंड उघडणार नाही." त्या उगाच भीती घालणाऱ्यांतल्या नाहीत.

मग खंडेनवमी आली. या दिवशी आमच्याकडे ज्याची त्याची हत्यारं पुजतात. शेतकरी ट्रॅक्टरला हार घालतो, सुतार रंध्याला कुंकू लावतो. भीमाच्या शेडमध्येही पूजा असते आणि या वर्षी त्याने मला आग्रहाने बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा शेड ओळखू येईना. सुप्रिया आणि श्रेया पहाटेपासून झाडत होत्या. पत्र्याची जळमटं गेली होती, पाने आणि पकडी पुसून ओळीने मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा लावल्या होत्या. भीमा हार आणि नारळ आणायला बाजारात गेला होता. मागची भिंत चुन्याने पांढरी करून टाकलेली. तिच्यावर एकही खिळा नव्हता.

"सुप्रिया, इथे सुतळ्या होत्या ना?"

"ती सुतळीची लक्तरं व्हय? किती वर्सं धूळ खात लटकलीती. सगळी काढली. मागं जाळली." ती हसत म्हणाली. श्रेया मागच्या दारातून आली, हातात काड्यापेटी, गालावर राख. तिलाही मोठं काम केल्याचा आनंद झाला होता.

भीमा तेवढ्यात आला. त्याने आधी भिंत बघितली, मग मागच्या दाराबाहेरची राख. नारळ खाली ठेवला आणि तिथेच एका उपड्या डब्यावर बसला.

"काय झालं?" सुप्रियाने विचारलं.

"त्यात मोटरी हुत्या," तो म्हणाला.

तिला काही समजेना. तो हळूहळू सांगू लागला. समोर सात मोटरी उघडून ठेवल्या होत्या. त्यांची जुनी तार काढून भंगारात गेली होती आणि त्यांचे आकडे फक्त त्या गाठींत होते. पंधरा वर्षांत भरलेल्या बाकीच्या मोटरींचेही तिथेच होते. सुप्रियाने सगळं ऐकलं आणि शहाण्या माणसाला पडेल तोच प्रश्न तिला पडला. "मग वहीत असंलच की लिवल्यालं. वही कुठंय?" तिने तर या पूजेसाठी त्याला नवी जाड डायरी आणली होती. तिच्यावर हळदकुंकू वाहून ती पकडींच्या शेजारी ठेवलेली होती.

"वही न्हाय."

"का न्हाय?"

भीमाने जूनमध्ये बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं. मी बोलायला पाहिजे होतं. याही वेळी मी बोललो नाही. शेवटी त्यानेच सांगितलं. "मला लिवता येत न्हाय, सुप्रिया. वाचताबी येत न्हाय. श्रेयाचं जे हाय, तेच माझं हाय. सरांना ठावं हाय."

सुप्रिया खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "बारा वर्सं मी पत्रिका वाचून दाखिवते," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमचं हात काळं असत्यात."

श्रेया बापाजवळ गेली. "पप्पा, तुमचं माझ्यासारखंच हाय?"

"व्हय."

"आन् अजून बरं झालं न्हाय?"

भीमाने मान हलवली. तिने काड्यापेटी त्याच्या शेजारी अगदी सांभाळून ठेवली आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

मला वाटलं होतं, खरं कळलं की मुलीच्या मनावरचं ओझं उतरेल, आपण एकटे नाही हे तिला उमजेल. मास्तर लोकांना असं फार वाटत असतं. झालं उलटंच. दसऱ्याची सुट्टी संपली तरी श्रेया शाळेत आली नाही. सुप्रियाने फोनवर सांगितलं की ती म्हणते, पप्पा एवढे मोठे झाले तरी त्यांचं बरं झालं नाही, मग माझं कशाला होईल. लहान मुलाचा हिशेब असा असतो, आणि त्यात खोट काढायला जागाच नसते.

मोटरींचं त्या मानाने लवकर निभावलं. भीमाने कोऱ्या सुतळीवरून डोळे मिटून बोटं फिरवली आणि सातपैकी पाच मोटरींचे आकडे बोटांनीच आठवले. उरलेल्या दोन मोटरींसाठी भिगवणच्या एका मेस्तरीला फोन करून त्याच्या वहीतले आकडे विचारावे लागले. सुप्रियाने सगळं त्या नव्या डायरीत लिहून घेतलं. लिहिताना ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

सुट्टी संपल्यावर पाचव्या दिवशी ती एकटी शाळेत आली आणि श्रेयाचं नाव काढण्याचा अर्ज टेबलावर ठेवला. करुणाताईंनी तिला चहा दिला, तिचं ऐकून घेतलं आणि आठ दिवस मागितले. "आठ दिवसांत काय व्हनार?" सुप्रिया म्हणाली. करुणाताईंनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसताच अर्ज खणात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी फळा पुसत होतो. दारात भीमा. त्याचे हात बघून मी चकितच झालो. रॉकेल आणि साबणाने घासघासून त्याने ते इतके साफ केले होते की नखांभोवतीची कातडी लाल झाली होती.

"सर, मला बसवा," तो म्हणाला. "हितं. ह्या पोरांत. सुप्रियाला सांगितलंय, पोरीला सांगू नगं म्हणून. जमलं तर सांगू."

मी फडकं खाली ठेवलं. पंचवीस वर्षं उशिराने का होईना, बोलायला सुरुवात केली. "भीमा, तेव्हा मी तुला शिकवायला हवं होतं. मी तुला हाकललं."

"जाऊ द्या सर. तवा तुमाला तरी कुठं ठावं हुतं, हे असं काय असतं म्हणून."

किती सोपं करून दिलं त्याने मला. पण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि मी ते तसंच राहू दिलं नाही. शाळेची बिघडलेली विजेची घंटा या पोराने दुरुस्त केली होती, माझ्या डोळ्यांदेखत. त्याचं डोकं चालतं हे मला ठाऊक होतं. त्याच्यापाशी थांबायचा मला कंटाळा होता, एवढंच. मी त्याला तसं सांगितलं. त्याने दाराशी चपला काढल्या. मग म्हणाला, "कुठं बसू?"

लहान मुलांच्या बाकावर तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. सुरुवातीला मुलं बघत राहिली. मग एका पोराने त्याला रव्याची परात कशी धरायची ते दाखवलं आणि प्रश्न मिटला. या वर्गात कुणी कुणाला हसत नाही. अक्षरं त्याला सुटी सुटी येत होती, पण शेजारी शेजारी आली की जागा बदलतात असं तो म्हणायचा. करुणाताईंनी त्याला चिरा पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. ते ओळीवर ठेवलं की चिरेतून एकच शब्द दिसतो, बाकीची गर्दी झाकली जाते. रोज आठ ते नऊ तो बसे आणि मग दुकान उघडायला जाई. शिकवायला मी होतो. वीस मोजणं मला चोवीस मुलांपुढे जमू लागलं होतं, पण भीमापुढे जमेना. तो अडला की माझ्या जिभेला खाज सुटायची. तीन-चार वेळा मी शब्द सांगून टाकला, आणि दरवेळी त्याने कार्ड बाजूला ठेवून मुकाट्याने मान खाली घातली.

आठवा दिवस उजाडला. सुप्रिया ठरल्याप्रमाणे आली, श्रेयाला घेऊनच. पोरीच्या पाठीला दप्तर होतं, ते इंदापूरच्या शाळेसाठी की आमच्या, ते मला विचारवलं नाही. दोघी वर्गाच्या दारात थांबल्या. भीमाची दाराकडे पाठ होती. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो कागदावर कार्ड ठेवून वाचत होता. मी मोठ्या अक्षरात चार साधी वाक्यं लिहून दिली होती.

श्रेयाने त्या लहान बाकावर बसलेल्या माणसाला ओळखलं. तिने आईकडे बघितलं. सुप्रियाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुपारी," भीमाने वाचलं. कार्ड सरकवलं. "शे. ळ्या. शेळ्या." पुन्हा सरकवलं. "सा..."

तिथे तो अडला. बोट शब्दाखाली घट्ट दाबलेलं. मी मोजायला लागलो. सात, आठ, नऊ. दारात त्याची मुलगी उभी, आणि हा तिच्यासमोर अडकून पडलेला. अकरा, बारा. आता हा मान खाली घालणार आणि पोरगी परत फिरणार, असं मला दिसायला लागलं. मला सोसवेना. मी शब्द सांगायला तोंड उघडलं.

"सर, थांबा," दारातून श्रेया म्हणाली. "पप्पांना येतंय."

सगळा वर्ग तिच्याकडे वळला. भीमा वळला नाही. त्याचं बोट शब्दाखालून हललं नाही. मी तोंड मिटलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो. वीस झाले. तीस झाले.

"सावलीत," भीमाने वाचलं. "शेळ्या सावलीत बसल्या."

श्रेया आत आली. बापाला थोडं सरकवून त्याच बाकावर बसली, कार्ड आपल्याकडे ओढून घेतलं आणि पुढची ओळ सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायला लागली. तीसुद्धा दोनदा अडली. भीमा तिच्याकडे बघत बसून राहिला, मी फळ्याला टेकून उभा होतो, आणि तिची ओळ संपेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.